बोट रिकामी होते त्या दिवशी उतरावं की बसावं?

मागच्या अंकात क्रूझच्या बॅगेबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत तीन पत्रं एकाच दिवसाबद्दलची निघाली, ज्याला बोटीवरचे लोक टर्नअराउंड म्हणतात तो. जुने लोक उतरतात, नवे चढतात आणि मधेच तुमच्यासारखे काही जण असतात ज्यांची ट्रिप अजून संपलेलीच नसते. अकरा वर्षं मी एका बोटीच्या रिसेप्शनवर काढली आणि त्या दिवशी काउंटरच्या अलीकडे उभं राहून लोकांचे चेहरे बघितलेत, तर जमेल तसं सांगतो.

प्रश्न : आम्ही दोघं (६३ आणि ५९) जानेवारीत सिंगापूरहून निघतोय. आधी सात रात्री पेनांग-फुकेत, मग बोट परत सिंगापूरला येते आणि त्याच संध्याकाळी पुढच्या सात रात्रींची ट्रिप सुरू. दोन्ही घेतल्यात, केबिन तीच आहे. मधल्या दिवशी बोट सकाळी लागणार, संध्याकाळी पाचला सुटणार. एजंट म्हणतो बोटीवरच बसा, उगाच झंझट नको, आणि मिस्टरांनाही ते पटलंय. मला मात्र उतरायचंय. उतरलं तर परत चढू देतात ना? – एक वाचक, चिंचवड

उत्तर : ताई, उतरा. आणि मिस्टरांनाही खेचून न्या. एजंटला झंझट नको असणं साहजिक आहे, तुमचं काही अडलं की फोन त्यालाच जाणार. पण त्या दिवशी बोटीवर बसून करणार काय ते पण ऐका. सकाळी दहा वाजता केबिनच्या कॉरिडॉरमध्ये चादरींची गाठोडी कमरेपर्यंत साचलेली असतात, दारं सताड उघडी, व्हॅक्यूमचा घर्रर्र आवाज, आणि केबिन साफ करणारा बिचारा पोरगा दुपारच्या आत पंधरा-वीस खोल्या उरकायच्या म्हणून घामाघूम. धक्क्यावर फोर्कलिफ्ट कलिंगडं आणि अंड्यांचे ट्रे घेऊन येजा करत असते. बघायला मजा येते, अर्धा तास. नंतर कंटाळा.

आता मुद्द्याचं. तुमच्या मते तुमची एकच चौदा रात्रींची ट्रिप आहे पण बोटीच्या कॉम्प्युटरला तसं काही माहीत नसतं, त्याच्या लेखी ही दोन बुकिंगं आहेत, पहिली त्या सकाळी संपली आणि दुसरी दुपारी सुरू होणार. बाकी सगळा गोंधळ यातनंच निघतो. पहिल्या ट्रिपचा हिशेब बंद होतो, वायफायचं पॅकेज संपतं, ड्रिंक्सचं पॅकेज असेल तर तेही संपतं, आणि बहुतेक बोटींवर केबिनचं कार्डसुद्धा नवं मिळतं. आदल्या रात्री केबिनमध्ये एक कागद येतो, त्यावर ‘इन ट्रान्झिट’ असं काहीतरी लिहिलेलं असतं आणि सकाळी किती वाजता कुठे जमायचं ते असतं. तो कागद जाहिरात समजून फेकू नका. नाहीच आला तर आदल्या संध्याकाळी रिसेप्शनला जाऊन एवढंच विचारा की आम्ही पुढच्या ट्रिपलाही आहोत, नवं कार्ड कधी देताय.

हे एवढं ठासून का सांगतोय तर एक काका होते, आमच्याच भागातले, म्हणजे नाशिककडचे. कागद न वाचता जुनं कार्ड खिशात घालून सकाळी आठला बाहेर पडले. उतरताना मशीन टिंग वाजलं, सगळं ठीक. दोनला परत आले तर तेच मशीन लाल. त्यांना नव्या लोकांच्या चेक-इनच्या लाइनीत उभं केलं, पुढे हजारभर माणसं, आणि काकांच्या हातात लेकीसाठी घेतलेला इलेक्ट्रिक राइस कुकर. दीड तासाने माझ्यासमोर आले तेव्हा कुकर नव्हता, तो सिक्युरिटीने ठेवून घेतला होता, कारण गरम होणारी उपकरणं केबिनमध्ये चालत नाहीत. ट्रिप संपल्यावर मिळाला तो. पण काका पुढचे सात दिवस माझ्याकडे असं बघायचे जणू भात मीच करून खाल्ला.

व्हिसा. भारतीय पासपोर्टला सिंगापूरचा व्हिसा लागतो आणि तुम्ही तिथे एकदा नाही, तीनदा शिरताय: विमानाने येताना, मधल्या दिवशी, आणि दुसरी ट्रिप संपल्यावर. त्यामुळे तुमच्या व्हिसावर मल्टिपल लिहिलंय का ते आजच बघा, विमानतळावर नाही. शिवाय एसजी अरायव्हल कार्ड नावाचा ऑनलाइन फॉर्म असतो, तोही प्रत्येक वेळी नव्याने भरायचा. पोचण्याचा दिवस धरून तीन दिवसांच्या आतच भरता येतो, म्हणजे मधल्या दिवसाचा फॉर्म तुम्हाला बोटीवरूनच भरावा लागणार. तो फुकट आहे. पैसे मागणारी साइट उघडली तर बंद करा, तुम्ही चुकीच्या जागी आहात. पासपोर्ट काही बोटींवर पहिल्या दिवशी जमा करून घेतात, तो त्या सकाळी परत देतात का आणि कुठे, हे त्या कागदावर असतंच.

घड्याळ. थायलंड सिंगापूरच्या एक तास मागे. काही बोटींवर फुकेतला घड्याळ एक तास मागे करतात आणि परतताना पुढे. मोबाइल आपोआप बदलेल, मिस्टरांच्या मनगटावरचं बदलणार नाही, आणि वाद होणार तो त्यावरूनच. बोटीवरच्या भिंतीवरचं घड्याळ खरं मानायचं. पाचला सुटणार म्हणजे पाचला चढायचं नाही, चढायची शेवटची वेळ वेगळी छापलेली असते आणि टर्नअराउंडला ती नेहमीपेक्षा बरीच आधीची असते. मी तर म्हणेन तीनला आत या. शिवाय लाइफजॅकेटचा ड्रिल बहुतेक ठिकाणी दुसऱ्या ट्रिपलाही परत करायला लावतात. मागच्याच आठवड्यात केलाय हो, असं म्हणून भांडू नका. २०१२ च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया ही क्रूझ बोट कलंडली, ३२ माणसं गेली, आणि बोटीवरच्या काही प्रवाशांचा ड्रिल व्हायचाच होता. तेव्हापासून हे नियम कडक झाले. दहा मिनिटं लागतात, करून टाका.

जायचं कुठे? आधी तिकिटावर धक्का कुठला ते बघा, सिंगापुरात दोन आहेत. मरिना बे क्रूझ सेंटर असेल तर दहाएक मिनिटं चालत मरिना साउथ पियर हे मेट्रो स्टेशन लागतं, लाल लाइनचं टोक. धोबी घाट नावाच्या स्टेशनला गाडी बदलायची (हो, धोबी घाटच, तिथे खरंच आपल्याकडचे धोबी कपडे धुवायचे) आणि जांभळ्या लाइनने पुढचंच स्टेशन लिटल इंडिया. हार्बरफ्रंटचा धक्का असेल तर आणखी सोपं, तिथून जांभळी लाइन थेट आहे. मेट्रोला तिकीट काढत बसू नका, परदेशात चालणारं टॅप करायचं बँकेचं कार्ड असलं की गेटवर टेकवून आत. फक्त दोघांना दोन वेगळी कार्डं लागतात, एकाच कार्डावर दोघं जाता येत नाही. टॅक्सीची लाइन त्या सकाळी बघवत नाही, सगळी बोट विमानतळावर निघालेली असते. म्हणून सात-आठला दारात गर्दी करू नका, निवांत नाश्ता करून साडेनऊ-दहाला निघा. अर्थात तुमच्या कागदावर जमायची वेळ आधीची असेल तर ती पाळा.

माझं मत विचाराल तर त्या दिवशी साइटसीइंगची बस वगैरे घेऊ नका. ते सगळं ट्रिपच्या आधी किंवा नंतर करता येतं. आठवडाभर बुफेचं जेवण जेवलेल्या मराठी माणसाला त्या दिवशी काय हवं असतं ते मला पाठ आहे. सेरंगून रोडवरच्या कोमला विलासमध्ये (१९४७ पासूनचं आहे) बसून एक गरम डोसा आणि स्टीलच्या वाटीतली कॉफी, मग संपलेली टूथपेस्ट, बामची बाटली, पायाला लागलेल्या चपलेसाठी बँडेड, टेक्का मार्केटमधून एक चक्कर, आणि कुठेतरी फुकट वायफायवर बसून नातवाला व्हिडिओ कॉल. मी आणि बायको एकदा प्रवासी म्हणून गेलो तेव्हा मी तिथे चक्क केस कापून घेतले. बोटीवरच्या सलूनचा रेट बघितलात तर तुम्हालाही सुचेल. दुपारी पाऊस येतोच येतो, छत्री घ्या.

आणि हे मिस्टरांसाठी, तुम्ही वाचून दाखवा. उतरताना बॅग एक्स-रेतून जाते. तंबाखू-चुन्याची डबी, गुटखा, खैनी, जर्दा यांना सिंगापुरात बंदीच आहे, ई-सिगारेटलाही. साध्या सिगारेटवर एकाही पाकिटाची सूट नाही, असतील तर सांगून ड्यूटी भरायची. च्युइंगगमही नेऊ नका. डबी केबिनमध्ये ठेवली तरी चालेल असं म्हणणारे भेटतील, मी म्हणतो घरीच ठेवा.

केबिन तीच आहे म्हणता म्हणजे सामान हलवायला नको, तेवढं सुख. केबिन बदलणार असती तर ड्रॉवरमधलं बॅगेत भरायचं, हँगरवरचं तसंच ठेवायचं, स्टाफ ट्रॉलीवर लटकवून नेतो. तिजोरी मात्र स्वतः रिकामी करायची, ती कोणी तुमच्यासाठी उघडत नाही.

प्रश्न : मुलगा अमेरिकेत आहे, त्याने आम्हाला मायामीहून लागोपाठ दोन क्रूझ काढून दिल्यात. सासूबाई ७८ वर्षांच्या, व्हीलचेअर लागते. मधल्या दिवशी त्यांना केबिनमध्येच झोपू द्यावं म्हणते, चालेल का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही चालत वहिनी. अमेरिकेत नवे प्रवासी घेण्याआधी जुन्या प्रवाशांचा आकडा शून्यावर आणतात, म्हणजे पुढच्या ट्रिपला थांबणाऱ्यांनाही एकदा बाहेर येऊन इमिग्रेशनसमोर उभं राहावं लागतं. त्यात वयाची सूट नाही. पण घाबरू नका, तुमच्यासारख्यांचा वेगळा गट करून नेतात, व्हीलचेअर ढकलायला माणूस मिळतो, फक्त तो आदल्या दिवशी मागून ठेवा. एखादा माणूस उतरायचा राहिला की सगळी बोट त्याच्यासाठी ताटकळते आणि मग स्पीकरवरून नाव पुकारतात, ते सासूबाईंचं नको. उठवून, चहा देऊन, शाल गुंडाळून तयार ठेवा, साधारण तासाभरात परत आत. तुम्हा दोघांना मायामीत फिरायचं असेल तर त्यांना आत पोचवून मग जा, नवं कार्ड घेऊन.

आणि बुफेमधलं सफरचंद किंवा केळं त्यांच्या पर्समध्ये नाही ना ते बघा. हसू नका. फळं बाहेर नेलेली अमेरिकेच्या कस्टम्सला अजिबात चालत नाहीत, दंड होऊ शकतो, आणि आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या पर्समध्ये फळ असतंच.

प्रश्न : अथेन्सहून ग्रीक बेटं आणि तुर्कस्तान करून बोट अथेन्सला परत येते, मग आम्ही त्याच बोटीने पुढे इटलीला जाणार. शेंगेन व्हिसा सिंगल एन्ट्रीचा आलाय. बोटीतून खालीच उतरलो नाही तर चालेल का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : त्या भरवशावर जाऊ नका. तुर्कस्तान शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. तिथे पोचलात की तुमची एक एन्ट्री संपली, परत अथेन्सच्या पिरेअस बंदरात लागताना दुसरी हवी. आणि प्रश्न त्या दिवसाचा नाही, पुढे इटलीत उतरून घरी जायचंय ना? शिवाय हे तपासणं मधल्या दिवसापर्यंत थांबत नाही, ते पहिल्याच दिवशी चेक-इनला होतं, आणि तिथेच बोटीवर घेतलं नाही तर पैसेही परत मिळत नाहीत. आत्ता वेळ आहे तोवर मल्टिपलसाठी पुन्हा अर्ज करा, सोबत दोन्ही बुकिंगं जोडा.

प्रश्न : बहीण मुंबईहून क्रूझने येतेय, बोट एक दिवस मुरगावला थांबणार. मी वास्कोतच राहते. बोटीवर जाऊन तिला भेटता येईल का? पुरणपोळ्या न्यायच्यात. – एक वाचक, वास्को

उत्तर : बोटीवर नाही येऊ देणार गं, पाहुण्यांना आधी परवानगी लागते आणि ती सहसा देत नाहीत. घरचं शिजवलेलं अन्नही गँगवेवर, म्हणजे बोटीत चढायच्या वाटेवर, अडवतात. तिलाच बाहेर बोलव, बंदराच्या गेटपासून वास्को कितीसं लांब. पोळ्या तुझ्या घरीच बसवून खायला घाल, तूप जरा जास्त, आणि तिची चढायची वेळ तुझ्या मोबाइलमध्ये लावून ठेव, कारण दोघी बहिणी बोलायला बसल्यावर ती तिच्या लक्षात राहणार नाही.