पेत्राच्या घरातली माणसे

चिरंजीवास सप्रेम आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीची पहिली तीन प्रकरणे वाचली. भाषा स्वच्छ आहे. पण येशूचा कोळी शिष्य पेत्र याच्या बायकोला तू दुसऱ्याच पानावर मारून टाकलेस, ते मला पटले नाही. शुभवर्तमानांत (बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांत) ती कुठे दिसत नाही, म्हणून ती हयात नसावी, असा तुझा तर्क असावा. परंतु आद्य धर्मप्रचारक पौलाने इ. स. ५५च्या सुमारास करिंथकरांना (ग्रीसमधल्या करिंथ शहरातील ख्रिस्ती मंडळीला) लिहिलेल्या पत्रात, केफाप्रमाणे पत्नीला सोबत घेऊन फिरण्याचा हक्क आम्हांला नाही काय, असे विचारले आहे. आणि केफा म्हणजे पेत्रच. नवरा मासेमारीची जाळी सोडून येशूमागे गेला त्या दिवशीची ती आणि वीस-पंचवीस वर्षांनी त्याच्याबरोबर गावोगाव हिंडणारी ती, या दोघींच्या मधले काहीच कोणी लिहून ठेवलेले नाही. तुझी कादंबरी तिथे आहे.

सासूकडेही नीट पाहा. शिमोन (म्हणजे पेत्रच) आणि त्याचा भाऊ अंद्रिया यांच्या घरी ती तापाने पडली होती, असे मार्काचे शुभवर्तमान सांगते. सासू जावयाच्या घरी कशी, हा प्रश्न मराठी वाचकाला लगेच पडेल, आणि तो रास्त आहे, कारण त्या काळच्या यहुदी समाजातही मुलगी नांदायला सासरीच जात असे. ती विधवा असावी, तिला मुलगा नसावा, हा अंदाज करण्याची मुभा तुला आहे. मात्र ताप उतरल्यावर तू तिला भाकरी भाजायला बसवले आहेस, ते काढून टाक: तो शब्बाथ (यहुद्यांचा साप्ताहिक विश्रामाचा दिवस) होता, त्या दिवशी चूल पेटत नसे, आणि पाहुण्यांना वाढले गेले ते आदल्या दिवशी रांधलेलेच.

पेत्राचे घर जिथे होते त्या गालीलमधल्या कफर्णहूम गावच्या उत्खननात काळ्या बेसाल्टच्या (आपल्या सह्याद्रीच्याच जातीचा दगड) ओबडधोबड भिंती आणि सामाईक अंगणाभोवतीच्या लहान खोल्या सापडल्या. तेव्हा नवराबायकोच्या त्या लांबलचक एकांत-संवादाला जागाच उरत नाही; जे बोलायचे ते दिराच्या आणि आईच्या कानांवर पडणारच.

आणि तो दुसरा कोळी, जब्दी? त्याचे दोन्ही मुलगे येशूमागे जाताना त्याला मजुरांसोबत होडीत सोडून गेले, हे तू एका ओळीत उरकलेस. मत्तयाच्या शुभवर्तमानात पुढे त्याची बायकोही येशूमागे गालीलहून निघालेल्या स्त्रियांमध्ये दिसते. त्या संध्याकाळी तो घरी येऊन तिला काय सांगतो, ते प्रकरण आधी लिहून पाठव.

तुझा,
जुना वाचक