वाचकांचे प्रश्न : ‘ताजमहाल’ नावाचा गवई

प्रश्न : माझा मुलगा सोलापुरात गिटार शिकतो आणि सध्या ‘ताजमहाल’ या नावाने गाणाऱ्या अमेरिकन ब्लूज कलावंताखेरीज दुसरे काही ऐकत नाही. मी स्वतः भजनी मंडळात पेटी वाजवतो. हे गृहस्थ कधी ब्लूज गातात, कधी जमैकाचे रेगे, कधी हवाई बेटांवरचे संगीत, तर कधी आपली वीणाच सोबतीला घेतात. अशा धरसोडीने कशातच खोली येत नाही, असे आमच्या मंडळातील बुजुर्ग म्हणतात. आपले मत काय? आणि हे नाव त्यांनी का घेतले?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : नावाचे उत्तर सोपे आहे. हेन्री सेंट क्लेअर फ्रेडरिक्स हे त्यांचे मूळ नाव. गांधीजी, भारत आणि सामाजिक सहिष्णुता यांविषयी पडलेल्या स्वप्नांतून ‘ताजमहाल’ हे नाव आले, असे ते सांगतात.

धरसोडीचा आक्षेप मात्र मला मान्य नाही, आणि त्याचे कारण त्यांच्या घरातच आहे. १७ मे १९४२ रोजी न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये जन्मलेल्या आणि स्प्रिंगफील्ड गावी वाढलेल्या या मुलाचे वडील कॅरिबियन वंशाचे जॅझ पियानोवादक होते, तर दक्षिण कॅरोलिनातून आलेली आई चर्चमधील भक्तिगीते गात असे. म्हणजे बेटांवरचे संगीत आणि अमेरिकेच्या दक्षिणेतील संगीत ही दोन्ही त्यांना घरातच मिळाली. ती शोधायला बाहेर जावे लागले नाही. पुढे विद्यापीठात ते पशुसंवर्धन शिकले, शेतावर राबले आणि शेतकरी होण्याचाही विचार त्यांनी केला होता. (गाणे आणि गोठा यांत गाणे जिंकले, हे आपले भाग्य.)

ब्लूज हे गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांच्या वंशजांचे गाणे आहे. बारा मापांचे (म्हणजे तालाच्या बारा सारख्या खंडांचे) आवर्तन, पहिली ओळ दोनदा आणि तिसऱ्या ओळीत तिचे उत्तर, असा त्याचा रूढ साचा आहे. १९६८ साली आलेल्या पहिल्या दोन ध्वनिमुद्रिकांत ताजमहाल यांनी हा साचा नीट घोटला. १९७१ च्या मैफिलीत त्यांनी चक्क चार ट्यूबावादक उभे केले. वरातीच्या बँडमधील अवजड पितळी वाद्यांची आठवण व्हावी असा तो घुमारा आहे. त्यानंतर रेगे आले, हवाई आले, आणि १९९९ साली पश्चिम आफ्रिकेतील माली देशाचे तुमानी दियाबाते यांच्यासोबत ‘कुलांजान’ ही ध्वनिमुद्रिका आली. दियाबाते हे पिढ्यान्‌पिढ्या राजांच्या वंशावळी गाणाऱ्या घराण्यातले, आपल्याकडील भाटांसारखे. त्यांचे वाद्य एकवीस तारांचे कोरा. हे ऐकताना ब्लूजची गिटार आपल्या आजोळी आल्यासारखी वाटते. ज्या वाटेने ती आफ्रिकी माणसे गुलाम म्हणून जहाजांतून नेली गेली, त्याच वाटेने हा गवई उलटा चालत गेला, असे मी म्हणेन. धरसोड करणाऱ्याला अशी एकच दिशा नसते.

वीणेची गोष्ट थोडी वेगळी. १९९५ च्या ‘मुमताज महल’ या ध्वनिमुद्रिकेत त्यांच्यासोबत विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा आणि एन. रविकिरण यांची चित्रवीणा आहे. दोन्ही वाद्यांवर तारेवरून कांडी सरकवून मींड काढतात, आणि ब्लूजवालेही काचेची नळी सरकवून तेच करतात. त्यामुळे ही भेट ओढूनताणून आणलेली नाही. तरीही हे तिघे एकमेकांना वाट देण्यातच बराच वेळ घालवतात, असे माझे मत आहे. ‘कुलांजान’ची धग त्यात नाही.

आपल्या मंडळातील बुजुर्गांना एवढेच विचारावे, की सोलापूरचेच शाहीर राम जोशी लावणी रचत होते आणि पुढे कीर्तनाकडे वळले, तेव्हा त्यांची लावणी उथळ ठरली काय? ताजमहाल यांना अनेक ग्रॅमी मिळाले, २०२५ साली जीवनगौरवही मिळाला. पण पुरस्कारांनी आपल्या बुजुर्गांचे समाधान होणार नाही, हे मी जाणतो. त्यांना २०२२ ची ध्वनिमुद्रिका ऐकवावी. १९६० च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये ज्यांच्यासोबत ताजमहाल यांनी तरुणपणी वाद्यवृंद काढला होता, ते राय कूडर इथे पुन्हा शेजारी बसले आहेत, आणि दोघे मिळून सॉनी टेरी व ब्राउनी मॅगी या जुन्या जोडीचे ब्लूज वाजवतात.

मुलाला मात्र १९६८ पासूनच सुरुवात करू द्यावी. ताजमहाल अंगठा आणि मधले बोट यांनी तारा छेडतात, बहुतेक वादकांसारखी तर्जनी पुढे करत नाहीत. ही सवय उचलण्यापूर्वी त्याने आपल्या शिक्षकांना विचारलेले बरे.