गेटचा क्लास लावायच्या आधी

प्रश्न : मेकॅनिकलचं तिसरं वर्ष आत्ताच संपलं. येत्या फेब्रुवारीत एम.टेक.च्या प्रवेशासाठी गेट ही परीक्षा द्यायची आहे. घरचे म्हणतात, दर शनिवार-रविवार पुण्याला जा आणि क्लास लाव. फी, प्रवास, राहणं-खाणं धरून खर्च मोठा आहे. घरी अभ्यास करून जमेल का?
(एक वाचक, सांगली)

उत्तर : फी भरण्याआधी एक रविवार मोकळा काढा. गेटच्या अधिकृत संकेतस्थळावर जुने पेपर आणि उत्तरतालिका फुकट मिळतात. न पाहिलेला एक पेपर घ्या आणि घड्याळ लावून तीन तासांत सोडवा. 65 प्रश्न, 100 गुण. गुण किती पडले हे तूर्त बाजूला ठेवा, पहिल्या खेपेला ते कमीच पडतात. चुकलेल्या आणि सोडून दिलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे मात्र तीनपैकी एक खूण करा : विषयच येत नाही, विषय येतो पण कल्पना कच्ची आहे, येत होतं पण आकडेमोडीत घसरलो.

दुसरा आणि तिसरा प्रकार वेगळा ओळखता यायला हवा. समजा, पातळ भिंतीचं सिलिंडर आहे : आतला दाब 2 मेगापास्कल, व्यास 500 मिमी, जाडी 10 मिमी. हूप स्ट्रेस (घेराच्या दिशेचा ताण) 50 मेगापास्कल येतो, लांबीच्या दिशेचा 25. आता कमाल शिअर स्ट्रेस (कातर ताण) विचारला की पुष्कळ जण दोन्हींच्या फरकाचं अर्ध करून 12.5 लिहितात. बाहेरच्या पृष्ठभागावर तिसरा प्रिन्सिपल स्ट्रेस (भिंतीच्या जाडीच्या दिशेचा मुख्य ताण) शून्य असतो, त्यामुळे खरं उत्तर सगळ्यात मोठा 50 आणि सगळ्यात लहान 0 यांच्या फरकाचं अर्ध, म्हणजे 25. सूत्र पाठ होतं, आकडेमोड बरोबर होती, तरी गुण गेला. ही चूक दुसऱ्या प्रकारची. ती क्लासच्या फीने आपोआप जात नाही. त्या धड्याचे वीस-पंचवीस प्रश्न स्वतः सोडवून, चुकलेल्याचं कारण शोधून जाते. व्यास मीटरमध्ये आणि जाडी मिलिमीटरमध्ये धरली, तर ती चूक तिसऱ्या प्रकारची. तिला सरावाशिवाय औषध नाही.

म्हणजे क्लासचा विचार करायचा तो पहिल्या खुणेसाठी. चार-पाच मुख्य विषय कोरे निघाले (आयएमपी, म्हणजे हमखास येणारे ठरावीक प्रश्न, पाठ करून सेमिस्टर काढणाऱ्यांचे ते हमखास निघतात), तर कुणीतरी पायापासून शिकवलेलं बरं. एक-दोनच विषय कच्चे असतील, तर तेवढ्यापुरती रेकॉर्डेड लेक्चर्स पुरतात. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची लेक्चर्स फुकट आहेत. ती लांबलचक असतात. पूर्ण कोर्स बघत बसू नका, अडलेला धडा तेवढा बघा.

गुणांची विभागणीही ध्यानात घ्या. अ‍ॅप्टिट्यूडला 15, गणिताला 13, उरलेले 72 तुमच्या विषयाला. पहिल्या 28 गुणांसाठी पैसे मोजायची गरज सहसा पडत नाही.

आठवड्याला दोन दिवस क्लास आणि वर सांगली-पुणे प्रवास, यात हाताने गणितं सोडवायला वेळ उरतो का, ते आधी कागदावर मांडून बघा. क्लास लावून फसणाऱ्यांचं बहुधा इथंच चुकतं. फळ्यावर सुटलेलं गणित आपल्यालाही आलं असं वाटतं. तासभर ऐकलं की तासभर वही बंद ठेवून सोडवायचं, हे जमणार नसेल तर बॅच कितीही नावाजलेली असो.

घरी अभ्यास करणाऱ्यांची खोड वेगळी. थर्मोडायनॅमिक्स तीनदा सुरू होतं आणि मॅन्युफॅक्चरिंगपर्यंत कुणी पोचतच नाही. शिवाय चार रंगांच्या नोट्स. प्रत्येक विषयाला शेवटची तारीख ठरवा. ती आली की विषय अर्धा राहिला तरी पुढे सरका. नोव्हेंबरअखेर सगळे विषय एकदा व्हायला हवेत. डिसेंबर-जानेवारी पेपरांसाठी. शंका वहीत साठवून आठवड्यातून एकदा कॉलेजातल्या सरांना गाठा. तिथं फी नाही.

तुमच्या बाबतीत आमचा कल घरच्या अभ्यासाकडे आहे. पहिली खूण फारच जास्त निघाली, तर ऑनलाइन क्लास बघा. दर आठवड्याची पुणेवारी नको.

प्रश्न : चाकणला शिफ्टची नोकरी करतो. रेकॉर्डेड कोर्स घेतला, निम्मा बघून झाला आणि थांबला. उरलेला पूर्ण करू की सोडून देऊ?
(एक वाचक, भोसरी)

उत्तर : क्रमाने पूर्ण करू नका. पैसे दिलेत म्हणून सगळे व्हिडिओ बघायलाच हवेत असं नाही. धडा उघडण्याआधी त्यावरचे जुने पंधरा प्रश्न सोडवा. दहा-अकरा सुटले तर व्हिडिओ सोडा, चुकलेल्या प्रश्नांपुरता भाग बघा. चार-पाचच सुटले तर पूर्ण बघा. रात्रपाळीच्या आठवड्यात नवा विषय घेऊ नका, जुन्याचा सराव करा. गेटचा स्कोअर निकालापासून तीन वर्षं चालतो, त्यामुळे एम.टेक.साठी एवढ्यात राजीनामा देऊन बसायची घाई नको. सरकारी कंपन्यांतल्या भरतीचं वेगळं आहे : कुठल्या वर्षाचा स्कोअर चालेल ते जाहिरातीत नीट वाचा.

प्रश्न : क्लास न लावता फक्त टेस्ट सिरीज (सराव पेपरांचा संच) घेतली तर? आणि येत नसेल तिथं अंदाजाने खूण करावी का?
(एक वाचक, लातूर)

उत्तर : टेस्ट सिरीज घ्याच. मात्र जुने पेपर संपण्याआधी सुरू करू नका. दहा-बारा पूर्ण पेपर खूप झाले, कारण प्रत्येक पेपर तपासायला तो सोडवण्याइतकाच वेळ द्यायचा आहे.

एकच पर्याय बरोबर असलेल्या प्रश्नात 1 गुणाला एक तृतीयांश आणि 2 गुणांना दोन तृतीयांश कापले जातात. चार पर्यायांत डोळे मिटून खूण केली तर सरासरीने हाती शून्य. एक पर्याय खात्रीने चूक ठरवता आला, तर खूण करणं फायद्याचं. अनेक पर्याय बरोबर असू शकतात अशा आणि संख्या लिहायच्या प्रश्नांत गुण कापत नाहीत, ते कोरे ठेवू नका. पण अनेक पर्यायांच्या प्रश्नात अर्धवट बरोबर उत्तराला काहीच मिळत नाही.

आणखी एक. तिथं स्वतःचा कॅल्क्युलेटर चालत नाही. पडद्यावरचा माऊसने दाबावा लागतो आणि सुरुवातीला हात अडखळतो. त्यात डिग्री-रेडियनची निवड असते, लॉग आणि एलएन ही बटणंही वेगळी आहेत. सिरीज विकत घेण्याआधी तिच्या फुकट नमुना पेपरात अगदी तसाच कॅल्क्युलेटर आहे का, ते तपासा. नसेल तर दुसरी बघा.