घरभर संगीताची यंत्रणा आणि गृहकर्जातील वाढीव रक्कम

प्रश्न: आमच्या नव्या घराचे वायरिंग सुरू आहे. होम ऑटोमेशन बसवणाऱ्या कंपनीने आठ खोल्यांमध्ये नेटवर्कवरून संगीत ऐकण्याची आणि ते भिंतीवरील टचपॅनल, मोबाइल व आवाजी सूचना यांद्वारे नियंत्रित करण्याची यंत्रणा सुचवली आहे. कोटेशनची रक्कम आमच्या पाच महिन्यांच्या घरखर्चाइतकी आहे आणि देखभाल कराराचे शुल्क दरवर्षी किमतीच्या 8 टक्के आहे. पाच वर्षांचे शुल्क आगाऊ भरल्यास सूट मिळेल. आमची शिल्लक नऊ महिन्यांच्या खर्चाइतकी आहे, पण ती न मोडता एवढी रक्कम 20 वर्षांच्या गृहकर्जात वाढवून घ्यावी, हप्ता किरकोळच वाढेल आणि घराची किंमतही वाढेल, असे कंपनी सांगते. माझे काम कंत्राटी आहे, पत्नीची नोकरी कायम आहे. घरात विकत घेतलेल्या सीडींचा संग्रहही आहे. आम्ही काय करावे?

उत्तर: आपण कोटेशनची प्रत सोबत पाठवलीत, त्यामुळे उत्तर नेमके देता येते. वायरिंग संपूर्ण घरात आणि आत्ताच करून घ्यावे, संगीत मात्र तीनच खोल्यांत सुरू करावे, आणि त्यासाठी गृहकर्जात एक रुपयाचीही वाढ करू नये, असे माझे मत आहे.

कोटेशनची एकूण रक्कम 100 मानली, तर त्यात पाइप व केबल 12, छतातील स्पीकर 22, ॲम्प्लिफायर 18, स्ट्रीमिंगची व नियंत्रणाची उपकरणे टचपॅनलांसह 30 आणि प्रोग्रामिंगचे शुल्क 18 अशी विभागणी दिसते. या पाच गोष्टी एकाच बिलात असल्या तरी त्यांचे आयुष्य एकसारखे नाही. भिंतीत गेलेली चांगली लॅन केबल आणि स्पीकरची तार दशकानुदशके चालते. ज्यात स्वतःची इलेक्ट्रॉनिक्स नाही असा साधा स्पीकरही कोरड्या जागी पंधरा-वीस वर्षे सहज काढतो. ॲम्प्लिफायर त्याहून थोडा कमी टिकतो. स्ट्रीमिंगचे उपकरण (स्ट्रीमर, म्हणजे नेटवर्कवरून संगीत आणणारे यंत्र) आणि टचपॅनल यांचे आयुष्य मात्र त्यांच्यातील सुटे भाग ठरवत नाहीत, ते निर्माती कंपनी सॉफ्टवेअर किती वर्षे अद्ययावत ठेवते यावर ठरते, आणि नियोजनासाठी मी ते सहा ते सात वर्षांपेक्षा जास्त धरत नाही. प्रोग्रामिंग तर त्या उपकरणांशी बांधलेले असते. उपकरण बदलले की ते बहुतांशी नव्याने करावे लागते. म्हणजे आपल्या बिलातील जवळपास निम्मी रक्कम, 100 पैकी 48, अल्पायुषी गोष्टींवर जाते.

आता हे कर्जाशी ताडून पाहू. उदाहरणादाखल व्याजदर 9 टक्के धरला, तर 20 वर्षांसाठी घेतलेल्या 100 च्या कर्जाचा मासिक हप्ता सुमारे 90 पैसे येतो, आणि ‘किरकोळ’ हा शब्द इथूनच येतो. पण 240 हप्त्यांची बेरीज 216 होते. त्याहून महत्त्वाचा आकडा सातव्या वर्षाअखेरचा आहे: तोवर आपण सुमारे 76 भरलेले असतील आणि तरीही मुद्दलापैकी जवळपास 83 बाकी असतील, कारण दीर्घ मुदतीच्या कर्जात सुरुवातीच्या हप्त्यांचा मोठा भाग व्याजातच जातो. ज्या सुमारास टचपॅनल आणि स्ट्रीमर बदलायला येतील, त्याच सुमारास त्यांच्यासाठी घेतलेल्या कर्जाचा जेमतेम सहावा हिस्सा फिटलेला असेल, आणि नव्या उपकरणांचा खर्च त्यावर वेगळा येईल. घर 20 वर्षांच्या कर्जावर घेणे योग्य, कारण ते त्या मुदतीपेक्षा जास्त टिकते; हाच न्याय टचपॅनलला लावता येत नाही.

आपले काम कंत्राटी असल्यामुळे आपत्कालीन निधी सहा महिन्यांच्या खर्चाखाली जाऊ देऊ नये. म्हणजे शिल्लकेतून जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम वापरण्याजोगी आहे, आणि नव्या घरात सामान हलवल्यावर जे न ठरवलेले खर्च निघतात तेही त्यातूनच भागवायचे आहेत. मी सुचवलेल्या मार्गाचा हिशेब असा: संपूर्ण घराची केबल 12, तीन खोल्यांचे स्पीकर 8, तीन खोल्यांचे ॲम्प्लिफायर 7, आणि साधे स्ट्रीमर व घरातच चालणारा एक छोटा सर्व्हर संगणक (संगीत साठवून खोल्यांना पुरवणारा) यांसाठी सुमारे 6. एकूण 33, म्हणजे आपल्या घरखर्चाच्या भाषेत पावणेदोन महिन्यांहूनही थोडी कमी रक्कम. ती रोख देऊनही आपल्याकडे सात महिन्यांहून अधिक खर्चाची शिल्लक उरते. उरलेल्या पाच खोल्यांत केबलची टोके झाकून ठेवलेली असतील. तिथे संगीत खरोखर हवे आहे असे राहायला गेल्यावर वाटले, तर भिंत न फोडता ते करता येईल.

घराची किंमत वाढेल हा युक्तिवाद मी फारसा विचारात घेत नाही. नीट आखलेले वायरिंग पुढच्या खरेदीदाराला उपयोगी पडू शकते, पण दुसऱ्याच्या आवडीने निवडलेल्या आणि काही वर्षे जुन्या झालेल्या टचपॅनलसाठी तो वेगळे पैसे मोजेल, असे गृहीत धरून कर्ज घेणे धाडसाचे आहे.

पैशाचा खरा धोका नियंत्रण कोणाकडे राहते यात आहे, म्हणून यंत्रणेच्या या भागाविषयी थोडे सविस्तर लिहितो. नेटवर्कवरील संगीतात दोन वाटा असतात: एक संगीताची आणि दुसरी आज्ञेची. स्पॉटिफाय या संगीतसेवेची मोबाइलवरून स्पीकर चालवण्याची सोय, स्पॉटिफाय कनेक्ट, 2013 साली आली, तेव्हापासून बहुतेकांच्या परिचयाची झालेली रचना अशी आहे की मोबाइल स्वतः गाणे पाठवत नाही. तो स्पीकरला किंवा स्ट्रीमरला काय वाजवायचे एवढेच सांगतो आणि ते उपकरण गाणे थेट सेवेच्या सर्व्हरवरून आणते. भिंतीवरील महागडे पॅनलही हेच करते, म्हणजे ते एक रिमोट असते. त्याची आज्ञा घरातल्या नेटवर्कवरूनच उपकरणापर्यंत पोहोचत असेल तर यंत्रणा आपली आहे. ती आधी निर्मात्या कंपनीच्या सर्व्हरकडे जाऊन मग परत येत असेल, तर उपकरण विकत घेऊनही ते चालू ठेवण्याचा अधिकार दुसऱ्याच्या हाती राहतो.

हा धोका केवळ काल्पनिक नाही. रिव्हॉल्व्ह नावाचे होम ऑटोमेशनचे हब (घरातील उपकरणे जोडून चालवणारे मध्यवर्ती यंत्र) स्मार्ट उपकरणे बनवणाऱ्या नेस्टने 2014 मध्ये कंपनीसह विकत घेतले आणि मे 2016 मध्ये त्याची सेवा बंद केली, तेव्हा ग्राहकांच्या घरातील चालू स्थितीतील हब निरुपयोगी झाले. इन्स्टिऑन या होम ऑटोमेशन कंपनीचे सर्व्हर एप्रिल 2022 मध्ये अचानक बंद पडले. नेटवर्कवर चालणारे स्पीकर बनवणाऱ्या सोनोसने जानेवारी 2020 मध्ये जाहीर केले की सर्वांत जुन्या उपकरणांना मे महिन्यापासून नवी सॉफ्टवेअर सुधारणा मिळणार नाही. ती उपकरणे बंद पडली नाहीत, पण पुढे जुन्या आणि नव्या उपकरणांसाठी दोन वेगळी ॲप झाली, आणि ज्यांच्या घरी दोन्ही पिढ्या होत्या त्यांना सर्व खोल्या एकाच नव्या यंत्रणेत आणणे शक्य राहिले नाही. गुगलने क्रोमकास्ट ऑडिओ या, साध्या स्पीकरला नेटवर्कवरून संगीत देणाऱ्या उपकरणाचे उत्पादन 2019 च्या सुरुवातीस थांबवले.

याउलट उदाहरण स्क्वीझबॉक्स या नेटवर्कवरील संगीत प्लेअरचे आहे. लॉजिटेकने 2006 मध्ये स्लिम डिव्हाइसेस ही तो बनवणारी कंपनी घेतली आणि 2012 मध्ये ही उत्पादनमालिका बंद केली. परंतु तिचा सर्व्हर घरातल्या संगणकावर चालणारा आणि खुल्या स्रोताचा (ज्याचा कोड कोणालाही पाहता व बदलता येतो असा) होता. त्यामुळे वापरणाऱ्यांनीच तो पुढे सांभाळला, आता तो लिरियन म्युझिक सर्व्हर या नावाने उपलब्ध आहे, आणि रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकावर स्क्वीझलाइट हे सॉफ्टवेअर घालून नवा प्लेअरही तयार करता येतो. 2013 पासून विकसित होत असलेले होम असिस्टंट हे खुले सॉफ्टवेअर या सर्व्हरला जोडता येते, म्हणजे दिवे आणि संगीत एकाच ठिकाणाहून चालवता येतात. बंद झालेल्या उत्पादनात घातलेले पैसे इथे वाया गेले नाहीत, आणि त्याचे कारण सर्व्हर घरात आणि खुल्या स्रोताचा होता हेच आहे.

खुल्या मार्गाला किंमत नाही असे मात्र नाही. ती वेळेच्या रूपात द्यावी लागते: सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवणे, बॅकअप घेणे, आणि एखाद्या सकाळी एक खोली गप्प झाली तर कारण शोधणे. घरात कोणालाच याची आवड नसेल, तर जाणकार तंत्रज्ञाला कामापुरते पैसे देऊन मांडणी करून घेणे आणि काय कुठे जोडले आहे याची लेखी नोंद मागून घेणे हा सन्मान्य मार्ग आहे. तरीही तो कोटेशनच्या बराच खाली बसेल.

कोटेशनमध्ये न दिसणारा एक खर्च सांगितला पाहिजे. बहुतेक संगीतसेवांच्या वैयक्तिक खात्यावर एका वेळी एकच प्रवाह चालतो. सर्व खोल्यांत एकच गाणे वाजवायचे असेल तर अडचण नाही, पण आईंच्या खोलीत भजन, मुलांच्या खोलीत दुसरे काही आणि बैठकीत तिसरेच हवे असेल, तर कुटुंबासाठीची वर्गणी आणि प्रत्येकाचे स्वतंत्र खाते लागते. ही वर्गणी यंत्रणेच्या संपूर्ण आयुष्यभर चालते, म्हणून ती मासिक अंदाजपत्रकात आजच लिहून ठेवावी. आपल्याकडे विकत घेतलेल्या सीडींचा संग्रह आहे असे आपण लिहिले आहे. तो सर्व्हरवर घातल्यास निदान त्या भागासाठी कोणाच्या खात्याची गरज राहत नाही. वीजही जमेस धरावी: आठ खोल्यांची उपकरणे स्टँडबायवर प्रत्येकी 4 वॉट घेतात असे मानले, तर काहीही न ऐकता वर्षाला सुमारे 280 युनिट खर्च होतात.

एका ठिकाणी आपली बचत सहज होईल. संगीतासाठी विशेष वेगवान नेटवर्क लागते, असे सांगून उपकरणांच्या रकमेत वरच्या श्रेणीचा राउटर घातला आहे. सीडीच्या दर्जाचा, संक्षेप (कॉम्प्रेशन) न केलेला ध्वनी सेकंदाला सुमारे 1,411 किलोबिट मागतो, आणि हे प्रमाण साध्या घरगुती नेटवर्कलाही क्षुल्लक आहे. दोन खोल्यांतील आवाज पुढेमागे होण्याचे कारण सहसा वेगाची कमतरता नसून वाय-फायची अनियमितता असते, आणि तिच्यावरचा खात्रीचा उपाय म्हणजे आपण भिंतीत घालत असलेली लॅन केबलच.

एवढे करूनही आपला कल संपूर्ण यंत्रणेकडेच असेल, तर सही करण्यापूर्वी कंपनीकडून लेखी उत्तरे घ्यावीत. इंटरनेट बंद असताना घरातील संग्रह वाजतो का आणि आवाज कमीजास्त करता येतो का? प्रोग्रामिंगची मूळ फाइल आणि प्रशासकाचा पासवर्ड काम संपल्यावर आपल्या ताब्यात येतो का, की प्रत्येक बदलासाठी त्यांनाच बोलवावे लागेल? यंत्रणेला इतर सॉफ्टवेअरकडून घरातल्या नेटवर्कवरून आज्ञा घेता येतात का? फाइल देण्यास नकार मिळाला, तर प्रोग्रामिंगच्या 18 पैकी काहीही देऊ नये असे मी म्हणेन, कारण मग ते काम आपण विकत घेत नसून भाड्याने घेत आहात.

देखभाल कराराचे शुल्क पाच वर्षांसाठी आगाऊ भरू नये. दरवर्षी 8 टक्के म्हणजे दहा वर्षांत मूळ किमतीच्या 80 टक्के होतात, आणि आगाऊ रकमेवरील सूट कितीही आकर्षक असली तरी ती कंपनी पाच वर्षे टिकेल यावर लावलेली पैज आहे. पहिल्या वर्षी सहसा वॉरंटी असते. त्यानंतर हवा असल्यास करार एकेका वर्षाचा करावा. तीन खोल्यांचा मार्ग घेतल्यास त्या कराराऐवजी स्ट्रीमर आणि सर्व्हरच्या किमतीचा बहात्तरावा भाग दरमहा आवर्ती ठेवीत टाकावा, म्हणजे सहा वर्षांनी ते बदलण्याची वेळ आली तर आपत्कालीन निधीला हात लावावा लागणार नाही.