सड्यावर चिरेखाण सुरू होण्याआधी पुरातत्त्व पाहणी होते का?

तुम्ही विचारलंय की गावच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या माळावर, चिऱ्यांच्या खाणीला परवानगी देण्याआधी कुणी कातळशिल्पं, म्हणजे कातळात कोरलेली जुनी चित्रं, तपासतं का. जागा केंद्र-संरक्षित स्मारकाजवळ असेल तर केंद्राचा कायदा स्पष्ट आहे: 100 मीटरपर्यंत खाणकामाला बंदी, त्यापुढच्या 200 मीटरला पूर्वपरवानगी. पण कोकणातली बहुतेक कातळशिल्पं खासगी सड्यांवर आहेत, आणि पुष्कळशी संरक्षित यादीत नाहीत. तिथे आपणच आधी हलायला हवं.

धोका पहिल्याच दिवशी असतो. ही चित्रं जांभ्याच्या अगदी वरच्या थरात उथळ कोरलेली आहेत, त्यामुळे चिरा कापणाऱ्या यंत्राचा पहिला फेराच ती संपवतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कशेळीच्या सड्यावर कोरलेला हत्ती जवळपास 18 मीटर लांब आहे, तरी मातीगवताखाली असलं काही पटकन दिसत नाही. गवत वाळल्यावर, सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात सडा चाला. गुराख्यांना जरूर विचारा, त्यांना जागा ठाऊक असतात.

काही दिसलं तर उकरू नका, खडूने रंगवू नका. शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा, मोबाइलवर स्थान नोंदवा. मग राज्य पुरातत्त्व विभाग आणि जिल्हाधिकारी, दोघांनाही गट क्रमांकासह लेखी अर्ज द्या व पोच घ्या. ग्रामसभेचा ठरावही जोडा.