फोंड्याच्या जुन्या घरात सापडलेलं लांबट लोखंडी कुलूप, कशाचं आणि किती जुनं?

तुमच्या फोटोत चावीच्या टोकाला आटे दिसतायत, म्हणजे हे पेचाचं कुलूप. ही चावी आत घालून नुसती वळवायची नसते, ती फिरवत फिरवत आत जाते आणि स्प्रिंगने ढकललेला खिळा मागे ओढते, मग कडी सुटते. आपल्याकडे अशी कुलपं पेटारे, कोठारं, दानपेट्या सगळ्यालाच लावायचे, त्यामुळे नुसत्या आकारावरून अमुकच कामाचं असं सांगता येत नाही, पण तुमची कडी जाड आणि आखूड आहे तर मला पेटाऱ्याचं वाटतंय, दाराच्या कोयंड्याला ती पुरणार नाही.

वयाचं म्हणाल तर विकणारे 'पोर्तुगीज काळातलं' म्हणतात त्यावर जाऊ नका, गोव्यात तो काळ १५१० ते १९६१, म्हणजे साडेचारशे वर्षं झाली की!! त्यापेक्षा भिंगाने आटे बघा. एकसारखे नसतील, कानशीने घासल्यासारखे दिसले तर हातकाम, अगदी सारखे असतील तर मशीनवरचे. पण हातकामाची कुलपं विसाव्या शतकातही बनत होती हे लक्षात ठेवा. कुठे व्हीआर असं कोरलेलं असेल तर व्हिक्टोरिया राणीचा काळ, १८३७ ते १९०१, आणि मग ते ब्रिटिश मुलखातून आलेलं.

आणि प्लीज, चिंच किंवा लिंबू लावून चकाचक करू नका, वरचा जुना थर आणि बारीक खुणा सगळं जातं. शिलाई मशीनचं तेल दोन थेंब सोडा, रात्रभर ठेवा, चावी अडली तर जोर लावू नका.