वाचकांचे प्रश्न: घरच्यांचा फोटो, पण अवघडलेला नको

पुढच्या महिन्यात वडिलांचं सहस्रचंद्रदर्शन आहे. घरची अकरा माणसं जमतील. आमच्याकडे ग्रुप फोटोत सगळेच सावधानमध्ये उभे राहतात. काय सांगावं त्यांना? (एक वाचक, कोथरूड)

‘नॅचरल दिसा’ एवढं सोडून काहीही सांगा. माणसं ताठतात ती बहुतेक वेळा ताटकळल्यामुळे. आधी ‘हसा’ म्हणायचं, मग कोण कुठे यावर चर्चा, मग कुणाचा तरी पदर नीट करायचा. तोवर हसू गालावर वाळून जातं. म्हणून आधी शरीरं बसवा, चेहऱ्यांकडे शेवटी वळा.

मधोमध दोन खुर्च्या ठेवा, शक्यतो बिनहाताच्या. हाताच्या खुर्चीत माणूस मागे रेलतो, पोट पुढे येतं आणि मान आत जाते. आजी-आजोबांना खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागात बसवा, गुडघे किंचित एकमेकांकडे वळवून. पाठीला त्रास असेल तर मागे उशी द्या, फोटोत ती दिसत नाही. मागे उभ्या राहणाऱ्यांनी छाती सरळ कॅमेऱ्याकडे न ठेवता सुमारे तीस अंश मधल्या खुर्च्यांकडे वळायचं, वजन मागच्या पायावर घ्यायचं आणि पुढचा गुडघा सैल सोडायचा. वजन एका पायावर गेलं की खांदे आपोआप उतरतात, ‘खांदे सैल सोडा’ असं सांगावं लागत नाही.

आपण सवयीने शेजाऱ्यापासून वीतभर लांब उभे राहतो, आणि फोटोत तेच अंतर दुरावा वाटतं. प्रत्येकाचा एक खांदा शेजाऱ्याच्या खांद्याच्या थोडा मागे जाऊ द्या. डोकी एका रेषेत नकोत. कुणी खुर्चीवर, कुणी पाटावर, कुणी उभं, म्हणजे उंच-सखलपणा आपसूक येतो. मुलांना सगळ्यात शेवटी आणा, त्यांचा धीर पाच मिनिटांचा असतो.

आता चेहरे. सगळ्यांना डोळे मिटून श्वास सोडायला सांगा, तीन म्हटलं की उघडायला सांगा, आणि लगेच लागोपाठ फोटो काढा. मिटलेल्या डोळ्यांचं गणितही झालेलं आहे. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ संस्थेच्या निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांना त्यासाठी २००६ साली गमतीदार संशोधनाचं इग नोबेल मिळालं. माणसं वीसपेक्षा कमी असतील तर त्यांच्या संख्येला चांगल्या उजेडात तीनने, कमी उजेडात दोनने भागायचं. तेवढे फोटो काढले की एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे असण्याची जवळजवळ खात्री. तुमच्या अकरा जणांना चार ते सहा पुरतील. पण हे फक्त डोळ्यांचं झालं. हावभावांसाठी पंधरा-वीस काढा.

हातांचं काय करायचं? (एक वाचक, सिंहगड रोड)

हातांना काम द्या. एक हात आजोबांच्या खुर्चीच्या पाठीवर, एक मुलाच्या खांद्यावर. खांद्यावर हात नुसता टेकवायचा. बोटं रुतली की पकडून आणल्यासारखं दिसतं. मोकळा हात खिशात घातला तर अंगठा बाहेर ठेवा. कोपर आणि कंबर यांच्यात थोडी फट हवी, नाहीतर दंड चेपून रुंद दिसतो. दोन्ही हात पुढे घट्ट बांधून उभं राहणं टाळा, त्याने खांदे आत वळतात. जोडप्याने एकमेकांच्या कमरेमागे एकेक हात घेतला की निम्मा प्रश्न सुटतो.

नऊवारी, नथ आणि फेटा असेल तर? (एक वाचक, शनिवार पेठ)

नथ बहुधा डाव्या नाकपुडीत असते. चेहरा असा वळवा की डावा गाल कॅमेऱ्याला दिसेल. उलट वळलात तर नथ गालाच्या कडेबाहेर नुसती लोंबताना दिसते. नऊवारीत एक पाऊल जरासं पुढे ठेवा, निऱ्या मोकळ्या पडतात. फेट्याची सावली डोळ्यांवर येत असेल तर फेटा न हलवता हनुवटी बोटभर वर घ्या. जरीवर समोरून फ्लॅश नको, काठ पांढरे फटक पडतात. फ्लॅश छताकडे वळवा, पण छत पांढरं हवं. हिरव्या भिंतीवरून उजेड परतला तर चेहऱ्यांवर हिरवट झाक येते. आणि मोबाईलचा पोर्ट्रेट मोड ग्रुपला बंदच ठेवा. तो फेट्याचा तुरा आणि गजरा कापून खातो, मागची रांगही धूसर करतो. मोठा कॅमेरा असेल तर दोन्ही रांगा स्पष्ट येण्यासाठी अ‍ॅपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं छिद्र) एफ ५.६ ते एफ ८ ठेवा.

चष्म्यावर चकाकी येते. (एक वाचक, औंध)

चष्म्याच्या काड्या कानांपासून किंचित वर उचला. काचा खाली झुकतात आणि चकाकी जाते. उन्हात काळे होणारे चष्मे मात्र फोटोच्या क्षणापर्यंत घरात, डबीत ठेवा.

अडीच वर्षांची नात कॅमेऱ्याकडे बघतच नाही. (एक वाचक, हडपसर)

कारण चार जणं चार दिशांनी हाका मारतात. एकानेच बोलवायचं, तेही कॅमेऱ्याच्या बरोबर वरून. बाकीच्यांनी तिच्याकडे न बघता कॅमेऱ्याकडेच बघत राहायचं, कारण ती बघते त्या क्षणी हमखास सगळे तिच्याकडे बघत असतात. तिला आजोबांच्या कानात काहीतरी सांगायला लावा. फोटो बहुधा त्यानंतरच्या सेकंदाला मिळतो. ती हलली तरी फोटो धूसर होऊ नये म्हणून शटरचा वेग किमान १/२५० सेकंद ठेवा आणि झोपेची वेळ टाळा.

सारसबागेत काढावा की घरी? मोबाईलवर चालेल का? (एक वाचक, सहकारनगर)

मोबाईल चालेल. ०.५ची लेन्स वापरू नका, कडेची माणसं ताणली जातात. १ ठेवून चार पावलं मागे जा. बसलेल्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर फोन ठेवा आणि टायमर दहा सेकंदांचा लावा. डिसेंबरात पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणून पावणेपाचनंतर निघा. भरदुपारी डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. वडाखाली उभे राहिलात तर पानांतून आलेल्या उन्हाचे ठिपके चेहऱ्यांवर येतात. त्यापेक्षा इमारतीची सलग सावली बरी. ट्रायपॉड लावायचा असेल तर बागेच्या गेटवर आधी विचारा. शनिवारवाड्यासारख्या संरक्षित वास्तूत त्यासाठी परवानगी लागते, आणि अकरा माणसं तयार होऊन दारात उभी असताना ती मागत बसू नका.